सकीना मॅडमची तीन बोटं

ओळख झाली की माणसं नमस्कार करतात, सलाम करतात, निदान 'कोणत्या गावचे?' असं तरी विचारतात. आमच्या सकीना मॅडम म्हणायच्या, "आ करा."

समोरचा माणूस गांगरून खरोखरच आ करी. मॅडमच्या पर्समध्ये पावडरच्या डबीऐवजी टॉर्च असे. तिचा उजेड तोंडभर फिरवून झाला की दुसरा हुकूम सुटे, "आता आपली तीन बोटं एकावर एक धरून दातांमध्ये घाला." ज्याची तीन बोटं वरच्या आणि खालच्या दातांच्या मध्ये मावत, त्याची सुटका. ज्याची दोनच मावत, त्याला मॅडम खुर्ची देत आणि विचारत, "खर्रा कवापासून खाऊन राह्यले?" नाव-गाव, जात-पात, हुद्दा, सगळं त्याच्या मागून.

सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून मन लावून घोटला की खर्रा होतो. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात माणूस सकाळी आधी चहा घेतो की आधी खर्रा, यावर वाद होऊ शकतो. घेतो की नाही, यावर नाही. वर्षानुवर्षं तो गालात धरला की गाल आतून चामड्यासारखा ताठ होतो आणि तोंड हळूहळू मिटत जातं. पुढे त्याच जागी कधी कॅन्सर उगवतो. म्हणून मॅडमची ती तीन बोटं. ढाणकीला एका नात्यातल्या निकाहात त्यांनी नवरदेवाचा सेहरा वर करून त्याला बोटं घालायला लावली होती. पोराची दोनच गेली. मुलीचा बाप रागावेल म्हणून सगळे श्वास रोखून उभे, तर तो म्हणाला, "डाक्टरसाहिबा, याचे भाऊही आले आहेत, लगे हाथ त्यांनाही पाहून घ्या." निकाह जरा उशिरा लागला, पण लागला.

डॉ. सकीना शेख आमच्या यवतमाळच्या दवाखान्यात पॅथॉलॉजिस्ट होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली टेक्निशियन. राळेगावच्या मेकॅनिकची ही मुलगी. ठेंगणी, भरलेल्या अंगाची, सुती साडीवर पांढरा कोट, आणि चालणं असं की व्हरांड्यात चपला वाजल्या की शिपाई बिडी विझवत. बोलणं अस्सल वऱ्हाडी, त्याला घरच्या उर्दूची फोडणी. मोठ्या शहरातले पाहुणे आले की बाकीचे डॉक्टर पुस्तकी मराठीत शिरत. मॅडम मात्र त्यांनाही, "बसा ना बाप्पा, उभे कायले?" म्हणून चहा बशीत ओतून पुढे करत.

दवाखान्यात लोक येतात तेव्हा उशीर झालेला असतो, ही मॅडमची कायमची तक्रार. म्हणून त्यांनी स्टँडजवळच्या गुपचूपवाल्याशी संधान बांधलं. ज्याला पुणे-मुंबईकडे पाणीपुरी म्हणतात ते आमचं गुपचूप. ते अख्खं तोंडात घालावं लागतं. फोडून खायला गेलं की पाणी कोपरापर्यंत. "ज्याच्या तोंडात अख्खं जात नसन, त्याले माझ्याकडं धाड," एवढंच त्याला सांगितलं होतं. आणि खरंच, दर आठवड्याला ओले शर्ट घालून माणसं यायला लागली. "गुपचूपवाल्यानं पाठवलं," असं ती लाजत सांगत. मॅडम खूश. कोणाला तपासणी शिबिराला तंबू लागतो, मंडप लागतो. यांचं शिबिर हातगाडीवर चालत होतं.

मग एकाएकी माणसं यायची थांबली. मॅडमना आधी आनंद झाला, मग संशय आला. "या जिल्ह्याचं तोंड एका महिन्यात उघडलं? मले नाही पटत," म्हणून त्या मला घेऊन थेट गाडीवर गेल्या, एक प्लेट मागवली आणि पहिलं गुपचूप हातात घेऊन बघतच राहिल्या. गिऱ्हाईकं चारचौघांत लाजतात, शर्ट खराब करतात, म्हणून त्या भल्या माणसाने पुरीच लहान केली होती. बोराएवढी.

"अरे मेल्या, तुनं तर माझी फुटपट्टीच लहान केली!" मॅडम ओरडल्या. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "मॅडम, पब्लिकची सोय पाह्यली." मॅडम रागावल्या होत्या, पण हसू इतकं आलं की त्यांना बाकावर बसावं लागलं. शेवटी तडजोड झाली: गाडीवर दोन मापांच्या पुऱ्या, आणि जो लहान मागेल त्याला मॅडमचा पत्ता.

हे सगळं बाहेरचं. मॅडमचा जीव खरा अडकला होता तो एका कोड्यात. ऑपरेशनात काढलेल्या गाठींचे पातळ काप काचेवर घेऊन त्या सूक्ष्मदर्शकाखाली बघत, तेव्हा कधीकधी मला जवळ बोलावत. "हे दोन पाय. सारख्याच जागच्या गाठी, सारख्याच मापाच्या. जुळ्या बहिणी वाटतात का नाही? एकीचा माणूस नातवाच्या वरातीत नाचून राह्यला. दुसरीचा वर्षाच्या आत गेला. काहून? डोळ्याले दिसत नाही असं काहीतरी आत हाय."

त्या वेळी मोठ्या शहरांत याचा शोध नवा नवा सुरू झाला होता. कोणत्या गाठीत कोणते जीन किती जोरात काम करतात, हे मोजून गाठ परत उलटेल की नाही ते आधीच सांगता येईल का, असा. नागपूरच्या एका प्रयोगशाळेला धरून मॅडमनी आमच्याकडेही हे काम आणलं. मला ते काही केल्या समजेना, तेव्हा त्यांनी मला डब्यातली वांग्याची भाजी खायला घातली.

"कशी हाय?"

"जहाल आहे."

"तुमच्या घरची अशी काहून नसते? मसाल्याचा डबा तर तोच. हळद, तिखट, धने, खसखस. फरक कशाचा? कोणता मसाला मूठभर पडला अन् कोणता चिमूटभर, त्याचा. जीन म्हणजे डबा. या गाठीनं त्यातलं काय किती टाकलं, तेवढं आपल्याले मोजाचं हाय. ज्याची भाजी जहाल, त्याले ऑपरेशननंतर शेकही द्या. ज्याची सौम्य, त्याले उगीच कायले भाजता?"

शेक म्हणजे रेडिएशन. तो दिला की कॅन्सरच्या पेशी मरतात, पण तोंडातली लाळही आटते, घास गिळताना पाणी लागतं आणि आवाज कोरडा पडतो. ज्याला गरज नाही त्याला तो दिला तर नुकसान, ज्याला गरज आहे त्याला नाही दिला तर जीव जाणार. मॅडमचं सगळं काम या दोन वाक्यांच्या मधलं होतं.

त्यात एक अडचण अशी की गाठीतला हा मसाला फार लवकर उडून जातो. तुकडा कापल्याबरोबर द्रव नायट्रोजनमध्ये बुडवावा लागतो, इतका थंड की हात लागला तर कातडी सोलून निघेल. आणि आमच्या जिल्ह्यात असा नायट्रोजन मिळायचा एकाच ठिकाणी: गुरांच्या दवाखान्यात. तिथे तो बैलांचं वीर्य साठवायला येई. मॅडमनी तिथल्या गावंडेंना भाऊ मानलं, त्यांच्याकडचा एक जुना डबा मागून घेतला आणि आमचे नमुने बैलांच्या सरकारी खर्चात गोठू लागले.

अशा दिवसांत आमच्याकडे देवरावजी आले.

देवरावजी राळेगावच्या कापसाच्या यार्डात हर्रास पुकारायचे. शेतकऱ्याची बंडी, म्हणजे बैलगाडी, आली की तिच्यावर चढून कापसाची मूठ उंच धरायची आणि व्यापाऱ्यांना बोलीवर बोली चढवायला लावायची, हे त्यांचं काम. ताडासारखा उंच माणूस, आणि आवाज असा की त्यांनी यार्डात 'बोला' म्हटलं तर स्टँडवरचा कंडक्टर मागे वळून बघे. कापसाला भाव नसलेली ती वर्षं. अशा वेळी देवरावजींच्या गळ्यातून निघालेले क्विंटलमागचे चार जास्तीचे रुपये म्हणजे मोठी गोष्ट होती. शेतकरी दुसऱ्या यार्डाला वळसा घालून त्यांच्याकडे बंड्या आणत. गळा मोकळा राहतो म्हणून ते दिवसभर खर्रा धरत. आता जिभेच्या कडेला फोड आला होता, आणि तो कॅन्सरच होता.

"जीभ गेली तर मी गेलो, बाई," एवढंच ते पहिल्या दिवशी मॅडमना म्हणाले.

आमच्या सर्जनसाहेबांनी जिभेची छोटीशी कड आणि तपासायला गळ्यातल्या काही गाठी काढल्या. बोलण्यात किंचित फरक पडला, तोही पाहुण्याला कळला नसता. तुकडा मॅडमनी स्वतः नळीत घालून नायट्रोजनच्या डब्यात टाकला आणि डबा नागपूरला न्यायला दाराशी आणून ठेवला. तेवढ्यात गावंडे आपला डबा भरून घेऊन आले, चहा प्यायले, डबा उचलून मोटारसायकलवर बांधला आणि बाभुळगावकडे गेले. अर्ध्या तासाने मी आमचा डबा उघडला. आत उत्तम प्रतीचा जर्सी वळू होता.

मॅडम तडक माझ्या स्कूटरवर मागे बसल्या. बाभुळगावच्या अलीकडच्या गावात विचारत विचारत गोठा गाठला तर गाय खोड्यात उभी, मालक-मालकीण, शेजारीपाजारी सगळे जमलेले, आणि गावंडे डब्यातून निघणाऱ्या धुरात चिमटा घालून एक नळी वर ओढत पुटपुटत होते, "हे कोणतं वाण होय बाप्पा?"

"थांबा!" मॅडम स्कूटरवरूनच किंचाळल्या. "ते बैलाचं नाही, माणसाचं होय!"

मालकिणीने पदर तोंडावर घेतला. मालकाने आधी गाईकडे पाहिलं, मग गावंडेंकडे पाहिलं आणि हातातली काठी जरा घट्ट धरली. गावंडे नळी धुरात सोडून चार पावलं मागे सरले. सगळा खुलासा करायला मॅडमना बराच वेळ लागला. तो झाल्यावर मालकच सगळ्यांत मोठ्याने हसला. नळी धुराच्या बाहेर आलीच नव्हती, त्यामुळे देवरावजींचा तुकडा बचावला. चहा झाला. मॅडमनी उपस्थितांना तीन बोटं घालायला लावली. गाईलाही यथावकाश योग्य ते मिळालं आणि ती व्याल्यावर गावंडेंनी आमच्या लॅबमध्ये खरवस आणून दिला.

नागपूरचा निकाल आला त्या दिवशी मॅडम कोणालाच 'आ करा' म्हणाल्या नाहीत. दुपारी मी विचारलं तेव्हा त्यांनी देवरावजींची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून मला दाखवली.

"पाय. कड साफ. गळ्यातल्या गाठी साफ. 'सगळं ठीक' म्हणून मीच सही केली. अन् हे मशीन म्हणते, जहाल. असा जहाल की आतापर्यंतच्या सगळ्या नमुन्यांत नाही. म्हणते की हे वापस येईन."

"मग शेक देऊ या."

"कोणत्या तोंडानं? ही चाचणी अजून खरी ठरायची हाय. निकाल पेशंटले सांगाचा नाही, त्याच्यावरून इलाज बदलाचा नाही, असं लिहून देल्लं आपण. अन् ते बरोबर हाय. मशीन खोटं निघालं तर? त्या माणसाचा गळा मी फुकट सुकवला असं होईन."

तरीही त्या सर्जनसाहेबांकडे गेल्या. साहेब चांगले होते, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्याच रिपोर्टवर विसंबून मी शेक नको म्हटलं." परत येऊन मॅडम स्टुलावर बसल्या आणि छताकडे बघत म्हणाल्या, "या अल्ला, माझं मशीन खोटं पाड." ज्या कामासाठी एवढी उठाठेव केली ते बुडावं अशी दुआ मागणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

एक गोष्ट मात्र करायला कोणाची मनाई नव्हती: देवरावजींचं तोंड वरचेवर बघणं. तपासणीला या म्हटलं तर ते येईनात. हंगाम सुरू झाला होता आणि बंड्यांची रांग सोडून हा माणूस दवाखान्याच्या रांगेत कसा उभा राहणार? तेव्हा मॅडमच राळेगावला जाऊ लागल्या. दर सुटीला माहेरी जाते म्हणून यवतमाळहून एसटी पकडायची, भावाच्या गॅरेजवर पर्स टाकायची आणि टॉर्च घेऊन यार्डात. त्यांच्या मागे सामानाची पेटी घेऊन मी. दोन बंड्यांच्या मधल्या वेळात देवरावजी खाली वाकून आ करत, मॅडम जीभ धरून कडेकडेने बघत, बोटाने चाचपत आणि म्हणत, "जा, पुकारा." यार्डातली माणसं त्यांना 'आपा' म्हणू लागली.

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात बाहेरून कोणी आलं की ते काहीतरी मोजायलाच आलेलं असे. पथकं येत, च्यानलवाले येत, मंत्री येत, आणि मदतीच्या पॅकेजची चर्चा तर पानठेल्यावर बारा महिने चाले. त्यात ही बाई पांढरा कोट घालून, टॉर्च घेऊन दर आठवड्याला यार्डात येते आणि माणसाचं तोंड तपासते. तिसऱ्याच खेपेला आम्ही पाहतो तर देवरावजींच्या बंडीमागे भली मोठी रांग. सगळे आ करायला तयार.

"हे काय होय?" मॅडमनी विचारलं.

रांगेतला पहिला म्हातारा म्हणाला, "तोंड दाखवल्याबिगर पॅकेजात नाव चढत नाही म्हन्तात."

"अहो बाबाजी, पॅकेज-बिकेज काही नाही. मी कॅन्सरची डाक्टर हाय."

म्हाताऱ्याने एक डोळा मिटला. "समजलं आपा. वरून बोलाची मनाई असन."

मॅडमनी बंडीवर चढून जाहीर केलं की याचा पॅकेजशी संबंध नाही. रांग वाढली. सरकार एखाद्या गोष्टीचा संबंध नाही असं जितक्या मोठ्याने सांगतं तितका तो असतो, हे आमच्या लोकांना अनुभवाने ठाऊक होतं. एका बाईने तर आपल्या बोळक्या सासूला पाठंगुळी आणलं होतं. शेवटी मॅडम थकून म्हणाल्या, "भेटन तवा भेटन, आता आ करा." त्या गैरसमजात कितीतरी जणांच्या गालांत पांढरे चट्टे वेळेवर सापडले, हे कोणत्याही शिबिरात झालं नसतं. पॅकेज कोणाला मिळालं की नाही ते मला माहीत नाही.

हंगाम सरत आला होता. एके दिवशी यार्डात बंड्या कमी होत्या. तपासून झाल्यावर देवरावजी उठले नाहीत. म्हणाले, "आपा, या यार्डात इतकी तोंडं हायत. तुमी माझंच सगळ्यांत पयले अन् सगळ्यांत जास्ती वेळ काहून पाह्यता?"

"तुमचं आपरेशन झालं हाय म्हणून."

"बाकीच्या आपरेशनवाल्याच्या गावी जाता?"

मॅडम टॉर्च पुसू लागल्या. खोटं त्यांना बोलता येत नसे आणि खरं बोलायची मनाई होती.

देवरावजी हसले. "मी आयुष्यभर हर्रास पुकारला, आपा. घेणाऱ्याचं तोंड पाह्यलं की मले समजते, याच्या खिशात अजून किती हाय. तुमी मले आ कराले लावता, तवा मी तुमचं तोंड पाहून राह्यतो. तुमच्यापाशी काहीतरी हाय अन् ते तुमी सांगून नाही राह्यले."

"सांगाची परवानगी नाही, देवरावजी. अन् ते खरं हाय का, तेही मले माहीत नाही."

"मंग नोका सांगू. मले भाव समजला." त्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली. "पुढच्या खेपेपासून तुमी याचं नाही. मी येतो."

आणि ते खरोखर येऊ लागले. एसटीने यायचे, सगळ्यांच्या आधी रांगेत बसायचे आणि शेजारच्याला बोटं घालून दाखवायचे. अशाच एका खेपेला मॅडमचं बोट जुन्या टाक्याच्या शेजारी थांबलं. टॉर्चच्या उजेडात मसुराच्या डाळीएवढा लाल ठिपका होता. दुखत नव्हता, खुपत नव्हता. आठवडाभरापूर्वी तो नव्हता. दुसऱ्या कोणी सहा महिन्यांनी पाहिलं असतं तर तोवर गळ्यापर्यंत गेला असता, असं सर्जनसाहेब नंतर स्वतःच म्हणाले.

तुकडा काढून काचेवर आला तेव्हा मॅडमनी फार वेळ बघितलं नाही. "आलं," म्हणाल्या. त्यांचं मशीन खरं ठरलं होतं. मी अभिनंदन करणार नव्हतोच, पण नागपूरहून एका उत्साही माणसाने फोनवर ते केलं. मॅडमनी त्याला सांगितलं, "बाबू, तुमच्या आलेखात एक ठिपका बसला असन. माझ्या इथं एक माणूस बसला हाय. त्याच्याशी बोलून घेते," आणि फोन ठेवला.

आता मनाई उरली नव्हती. मॅडमनी देवरावजींना समोर बसवून सगळं सांगितलं: मशीन काय म्हणालं होतं, त्यांनी ते का लपवलं, आणि आता काय करायचं. जीभ आणखी थोडी कापावी लागेल. नंतर नागपूरला शेक घ्यावा लागेल. लाळ आटेल. जीव बहुतेक वाचेल. आवाजाचं सांगता येत नाही.

"आवाज नाही वाचला तर मी कायचा देवराव?"

"ते मले माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "मी पयले माणूस वाचवते. आवाजासाठी माणूस तर लागन ना." त्यांनी चक्क डोळे पुसले आणि मग, स्वतःवरच चिडल्यासारखं, "चला, आ करा," म्हणाल्या.

ऑपरेशन झालं, शेक झाला. पावसाळाभर देवरावजी घरी होते. पेज प्यायचे, पाटीवर लिहून सुनेशी भांडायचे. मॅडम जाऊन त्यांच्याकडून जिभेचे व्यायाम करून घ्यायच्या आणि चुकले की आरडाओरडा करायच्या. यार्डात दुसरा माणूस पुकारेल अशी बोलणी चालू असल्याचं कानावर आलं होतं. त्यात काही चुकीचंही नव्हतं.

दसरा-दिवाळी झाली आणि यार्डाचा मुहूर्त निघाला. वजनकाट्याची पूजा करायची, पहिल्या बंडीच्या बैलांना कुंकू लावायचं, शेतकऱ्याला टोपी-उपरणं द्यायचं आणि पहिला हर्रास पुकारायचा, असा रिवाज. तो देवरावजींनीच पुकारावा असं समितीने ठरवलं. पुढचं मग बघू म्हणाले. मला अमरावतीला दुसरी नोकरी लागली होती आणि त्याच दुपारच्या गाडीने मी निघणार होतो. तरी सकाळी मॅडमबरोबर राळेगावला गेलो. त्यांच्यासाठी मंचावर खुर्ची होती. त्या तिकडे फिरकल्याच नाहीत. बंड्यांच्या मधल्या बोळात, कापसाला टेकून उभ्या राहिल्या.

देवरावजी बंडीवर चढले. अंगातलं सगळं मांस गेलं होतं, नुसती उंची राहिली होती. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात कापूस. त्यांनी तोंड उघडलं आणि नुसती हवा निघाली. कोणीतरी खोकलं. त्यांनी घोट घेतला, पुन्हा सुरुवात केली, तर शब्द जाडसर, एकमेकांना चिकटलेले. मागून एक व्यापारी ओरडला, "ऐकू नाही येऊन राह्यलं!"

मॅडमनी डोळे मिटून घेतले.

देवरावजींनी त्या व्यापाऱ्याकडे पाहिलं. ओरडायचा प्रयत्नच केला नाही. आणखी हळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "मंग... जवळ... या."

आणि तो आला. त्याच्या मागे दुसरे आले. बंडीभोवती व्यापारी दाटले, माना वर करून, एकमेकांना चूप करत. मागच्या शेतकऱ्यांनी बैलांच्या गळ्यातल्या घंटा मुठीत धरल्या. ट्रॅक्टर सुरू होता तो कोणीतरी बंद केला. ज्या यार्डात देवरावजींना सगळ्यांच्या वर आवाज चढवावा लागे, ते अख्खं यार्ड त्यांच्या आवाजाच्या खाली उतरलं होतं. त्यांनी भाव सांगितला. एक बोट वर झालं. त्यांनी त्या माणसाचा चेहरा क्षणभर निरखला आणि मान हलवली, 'अजून आहे तुझ्याकडे' अशी. दुसरं बोट वर झालं. भाव चढू लागला.

माझ्या गाडीची वेळ झाली होती. इतकी वर्षं जिच्या हाताखाली काढली तिचा निरोप तरी धड घ्यावा म्हणून मी जवळ गेलो आणि म्हणालो, "मॅडम, येतो मी."

त्यांचे डोळे आता उघडे होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. माझ्याकडे न पाहताच त्यांनी हात मागे करून माझ्या तोंडावर ठेवला आणि म्हणाल्या, "चूप ना बाप्पा. ऐकू द्या."